‘शांतला’ आणि आमची न्हाणी

‘पिकतें तेथें विकत नाहीं’ ही म्हण धान्यावरून निघाली असेल. पण ती विद्येलाही तितकीच लागू पडते. तान्ह्या मुलाला पसरलेल्या पायांवर घेऊन तेल चोळण्याची व न्हाऊं घालण्याची कला खानदेशांतील खेड्यापाड्यांत इतकी सर्वसामान्य होती कीं, तिला कला म्हणावें असें कोणाच्या मनांत आलें नाहीं. आयुर्वेदाच्या ग्रंथांत अभ्यंगाचा विचार आहे. परंतु न्हाणींत पाटावर बसून तो अभ्यंग प्रत्यक्ष करणाऱ्या बाईला कोणी विदुषी म्हणून ओळखलें नाहीं. तिच्या पदरांत पडलें तें एखादें चोळी-लुगडें, थोडेंसें धान्य आणि बारशाच्या घुगऱ्या. आज तीच कला ‘बेबी मसाज’ या नांवानें वर्गांतून शिकविली जाते. तिला अभ्यासक्रम असतो, शुल्क असतें, कधीं प्रमाणपत्रही असतें. मुंबई-पुण्याची ही रीत आतां जळगांव-धुळ्याच्या सुशिक्षित घरांनाही अपरिचित राहिलेली नाहीं; आणि ज्यांना वर्गास जाणें सोयीचें नाहीं, ते आईबाप मोबाइलच्या पडद्यावर पाहून बाळाच्या पावलांवर आंगठे फिरवीत असतात.

शिकण्याला आक्षेप घेण्याचें कारण नाहीं. तथापि प्रत्येक शिकवणीच्या मागें एखादा ग्रंथ उभा असतो, आणि ग्रंथकर्त्याची दृष्टि नकळत त्या शिकवणींत उतरते. या नव्या शिशुमर्दनविद्येच्या मागें जे ग्रंथ उभे आहेत, त्यांत फ्रेडरिक लेबॉयर या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाच्या ‘शांतला’ या पुस्तकाचा मान मोठा आहे. येथें आरोग्याच्या पुस्तकापेक्षां एक वाङ्मयकृति म्हणून त्याचें परीक्षण करावयाचें आहे.

लेबॉयर १९१८ सालीं जन्मले व २०१७ सालीं वारले. १९७४ मध्यें त्यांनी हिंसेवांचून जन्म ही कल्पना मांडणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. प्रखर दिवे, गलबला, जन्मतांच उलटें टांगणें, नाळ कापण्याची घाई, हें सारें त्या चिमुकल्या जिवावर होणारें आक्रमण आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. भारतांत असतांना कलकत्त्यास त्यांनी एका गरीब स्त्रीला आपल्या मुलाला तेल लावतांना पाहिलें. तिचें नांव शांतला. तिचीं छायाचित्रें आणि त्यांच्याबरोबर आखूड, पद्यासारख्या ओळींतील विवेचन अशा रूपानें १९७६ सालीं हें पुस्तक निघालें. त्याच दशकांत, १९७३ सालीं, विमला मॅक्लूर या अमेरिकन बाईंनी भारतांतील एका अनाथालयांत काम करीत असतां हीच रीत पाहिली व ती आपल्या देशीं नेली. पुढें १९८६ मध्यें शिशुमर्दनाची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. सारांश, आज आमच्या शहरांत जें शुल्क देऊन शिकावें लागतें, त्यांतील पुष्कळसें आमच्याच न्हाणींतून निघून समुद्रपर्यटन करून आलेलें आहे.

पुस्तकाचे गुण मोठे आहेत. त्यांतील पहिला असा कीं, लेखकानें पाहिलें आणि मग लिहिलें. छाती, हात, पोट, पाय, पाठ, चेहरा हा क्रम, आणि शेवटीं स्नान; हातांची गति कोठें मंद, कोठें दृढ; हें सर्व तो अशा बारकाईनें टिपतो कीं, घरांत शेंकडों वेळां पाहिलेली क्रिया वाचकाला पहिल्यानेंच दिसूं लागते. दुसरा गुण त्याच्या भाषेचा. मुलाला दुधाइतकीच स्पर्शाची भूक असते, हा त्याचा मुख्य विचार. तो विचार तो युक्तिवादानें सिद्ध करीत बसत नाहीं. त्या आखूड ओळींची लयच हाताच्या फिरण्यासारखी आहे. आणि त्या झोंपडींतल्या स्त्रीकडे तो दयेनें पाहत नाहीं, गुरु म्हणून पाहतो. ग्रंथाला तिचें नांव देण्यांत त्यानें जी कृतज्ञता दाखविली, ती आमच्या पंडितांनी आमच्या सुइणीला कधीं दाखविली नव्हती.

मग उणें तें काय? उणें आहे तें चित्राच्या चौकटींत. त्या छायाचित्रांत आई आणि मूल, एवढींच दोघें आहेत. पाणी कोणीं तापविलें, चूल कोणीं पेटविली, मूल न्हाऊन निजल्यावर आईला जेवायला कोणीं वाढलें, हें चित्रांत नाहीं आणि मजकुरांतही नाहीं. कवीला असा संक्षेप करण्याचा अधिकार आहे. पण त्या काव्यावरून जेव्हां अभ्यासक्रम बेततात, तेव्हां वगळलेल्या गोष्टी पुन्हां मोजाव्या लागतात. कारण आमच्या न्हाणींतला विधि मूळचा दोघांचा नव्हताच. पहिल्या बाळंतपणासाठीं मुलगी माहेरीं येई. सव्वा महिना तिला जड काम सांगत नसत. बाळाच्या अंगाला तेल लागे त्याच्या आधीं किंवा मागाहून तिच्याही अंगाला तेल लागे, तिची कंबर शेकली जाई, तिच्यापुढें अळिवाचे-डिंकाचे लाडू येत. मुलाला न्हाऊं घालणारे हात बहुधा तिचे नसतच. आजीचे किंवा न्हाऊं घालणाऱ्या बाईचे असत. ज्या सव्वा महिन्यांत मूल जगायला शिके, त्याच सव्वा महिन्यांत आईही पुन्हां कोणाची तरी लेक होऊन राही. आम्ही ज्याला मुलाचा संस्कार समजतों, तो अर्धा आईचा होता. लेबॉयर यांच्या चौकटींत मूल आलें, पण आईची आई बाहेर राहिली.

हें आम्ही वडिलोपार्जित अभिमानानें बोलतों असें नव्हे. त्याला खानदेशच्या वाङ्मयाचीच साक्ष आहे. जळगांवजवळच्या आसोदें गांवीं १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. १९५१ मध्यें त्या वारल्या, आणि पुढच्या वर्षीं त्यांचीं गाणीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालीं. त्यांच्या माहेराच्या कवितेंतील विचार प्रसिद्ध आहे: माहेराचे इतके गोडवे गाणारी बाई सासरीं तग धरून राहते ती यासाठीं कीं, उद्यां आपल्या मुलीला यावयास एक घर असावें. ‘मातृत्व’ या विषयावर आमच्या विद्वानांनी जें लिहिलें, त्यांत या एका विचाराच्या तोलाचें फार थोडें सांपडेल. आईपण ही एका पिढीची कर्तबगारी नसून हातोहात पुढें जाणारी ठेव आहे, असें ती निरक्षर बाई सांगते. तसेंच साने गुरुजींचें. १९२४ ते १९३० या काळांत ते अमळनेरच्या शाळेंत शिक्षक होते. बायकांच्या तोंडच्या ओव्या वेंचून त्यांनी ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह केला. जात्यावरच्या त्या ओव्यांतलें तान्हें बाळ कधीं एकटें नसतें. त्याच्या भोंवतीं मामा असतो, मावशी असते, आत्या असते, शेजीबाई असते. पाळण्याची दोरी एकीच्या हातांतून दुसरीच्या हातांत जाते. लोककवितेनें जी गर्दी प्रेमानें रंगविली, ती छायाचित्रकारानें सुबक चित्रासाठीं दूर सारली.

याचा अर्थ जुनें तें सर्व सोनें, असा मात्र कोणी करूं नये. वैशाखांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या आमच्या मुलखांत बंद खोलींत बाजेखालीं शेगडी ठेवणें, धुरीनें कोंवळीं फुप्फुसें कोंदून टाकणें, पहिलें चिकाचें दूध ‘खराब’ म्हणून पिळून टाकणें, बाळाच्या नाकाकानांत तेल घालणें, डोकें दाबून त्याला ‘आकार’ देणें, डोळ्यांत काजळ भरणें, हेंही त्याच न्हाणींत चालत होतें. जिच्या हातांनी मूल या जगांत आलें, त्या सुइणीला अनेक घरीं ओसरीच्या वर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, हेंही विसरतां येत नाहीं. मुलीच्या जन्माबद्दल तर बोलूंच नये अशी स्थिति आहे. २०११ च्या जनगणनेंत जळगांव जिल्ह्यांत सहा वर्षांच्या आंतील दर हजार मुलग्यांमागें साडेआठशेही मुली भरल्या नाहींत. ज्या समाजांत पाळणा हलविण्याआधींच अशी निवड होते, तेथें हळुवार स्पर्शावरचीं व्याख्यानें एका मोठ्या अभावाच्या कांठावर उभीं असतात.

आतां शास्त्राचा कौल पाहूं. मियामीच्या टिफनी फील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्यें असें दाखविलें कीं, अपुऱ्या दिवसांच्या मुलांना दिवसांतून तीनदां, पंधरा-पंधरा मिनिटें, दहा दिवस मर्दन केल्यास त्यांची रोजची वजनवाढ इतरांपेक्षां ४७ टक्क्यांनी अधिक होते. शोध महत्त्वाचा खरा. पण तो रुग्णालयांतल्या अशक्त मुलांविषयींचा आहे. पूर्ण दिवसांच्या, सुदृढ मुलांना मर्दनानें असाच मोठा लाभ होतो असें म्हणण्यास पुरावा दुबळा आहे. तेव्हां वर्गाच्या जाहिरातींत बुद्धि वाढेल, उंची वाढेल असें लिहिलेलें दिसलें, तर वाचकांनी तें काव्य समजावें. १९७८ च्या सुमारास बोगोटा येथें सुरू झालेली ‘कांगारू’ पद्धति याहून अधिक विचार करण्याजोगी आहे. तिच्यांत कमी वजनाचें मूल आईच्या उघड्या छातीशीं धरून ठेवावयाचें असतें. भारतासह पांच देशांत झालेल्या व २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, जन्मानंतर लगेच ही पद्धति सुरू केलेल्या मुलांत पहिल्या २८ दिवसांतील मृत्यु १२ टक्के होते. स्थिर होईपर्यंत नेहमींच्या रीतीनें वेगळीं ठेवलेल्या मुलांत १५.७ टक्के. या उपचारांत आईला कांहींच कौशल्य दाखवावें लागत नाहीं. तिनें फक्त तेथें असावयाचें. आणि ती थकली, तर बापानें किंवा आजीनें तीच छाती पुढें करावयाची. जुन्या न्हाणींतलें तत्त्व तें हेंच.

दुसरें उदाहरण आपल्याच राज्यांतलें. डॉ. अभय बंग व राणी बंग यांच्या संस्थेनें गडचिरोलीच्या ३९ गांवांत खेड्यांतल्या बायकांनाच नवजात बालकाची शुश्रूषा शिकविली. तेथील नवजात मृत्यूंचें प्रमाण तुलनेनें ६२ टक्क्यांनी घटल्याचें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच अनुभवाचा आधार घेऊन २०११ मध्यें देशभर योजना आली: रुग्णालयांत बाळंत झालेल्या स्त्रीच्या घरीं आशा कार्यकर्तीनें ४२ दिवसांत सहा वेळां जावें. ज्ञान घरीं चालत येतें, आणि शिकविणारी गांवचीच असते. शहरांतल्या वर्गाला छान गालिचा असेल, मंद संगीत असेल; पण ओल्या बाळंतिणीला रिक्षांत घालून त्या गालिच्यापर्यंत न्यावें लागतें, हा फरक लहान नाहीं.

शेवटीं मुद्दा आईच्या मनाचा. गोव्यांत २७० स्त्रियांची गर्भारपणापासून पाहणी झाली व २००२ मध्यें ती प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील सुमारे २३ टक्के स्त्रिया खिन्नतेच्या विकारानें पीडित आढळल्या. दारिद्र्य, नवऱ्याकडून मारहाण हीं त्याचीं कारणें. आणि मुलगी झाली असेल तर हींच कारणें अधिक तीव्र होतात, असा निष्कर्ष निघाला. अशा स्त्रीच्या हातांत ‘रोज अमुक मिनिटें, अमुक क्रमानें, प्रसन्न चित्तानें मर्दन करावें’ असें पत्रक देणें म्हणजे तिच्या शिरावर आणखी एक कर्तव्य ठेवणें होय. आणि तें साधलें नाहीं, कीं ‘मी वाईट आई’ हा आणखी एक डंख. पूर्वीं जें काम चार बायका वांटून घेत, तें आज दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत एकीकडे येतें, आणि वर त्याला ‘आई-बाळाचें नातें’ असें गोड नांव मिळतें.

म्हणून अशा वर्गाची आमची कसोटी साधी आहे. तेथून घरीं परततांना आईचें ओझें हलकें झालें कीं जड? बाप दारांत गाडी घेऊन उभा असतो, कीं आंत येऊन तेलांत हात बुडवितो? सासूबाईंना ‘जुन्या समजुतीच्या’ म्हणून बाहेर बसविलें जातें, कीं काजळ व धुरी तेवढी सोडावयास सांगून त्यांच्या हातांतली पन्नास वर्षांची कसब विचारून घेतली जाते? ज्या वर्गांत पहिल्या दिवशीं बाळाला तेल लावण्यापूर्वीं नवऱ्याला बायकोचे पाय चेपावयास शिकवितात, त्याचें शुल्क आम्ही आनंदानें भरूं.

लेबॉयर यांचें पुस्तक घरांत असावें. त्यांतलीं चित्रें सुंदर आहेत, आणि मुलाच्या अंगाला हात कसा लावावा हें तें खरोखर शिकवितें. पण या विषयावर मराठींत जो कोणी नवें पुस्तक लिहील, त्यानें आपला छायाचित्रकार थोडा मागें सरकवावा. म्हणजे चौकटींत बंबाचा धूर येईल, तांब्या येईल, टॉवेल घेऊन उभा असलेला बाप येईल, आणि भिंतीला टेकून, नुकतेंच जेवून, डोळे मिटून बसलेली बाळंतीणही येईल.