शोकांतिका कोणाची?

वागदर्डी धरण आटलं की ‘मनमाडकरांची शोकांतिका’ अशा मथळ्यांची आम्हाला सवय आहे. या मथळ्यांमध्ये सोसणारे पुष्कळ असतात, जबाबदार कुणीच नसतो. पु. ल. देशपांड्यांचं ‘राजा ओयदिपौस’ (१९७९) वाचेपर्यंत मीही शोकांतिका म्हणजे कुणाचाच दोष नसलेलं दुःख समजत होतो.

सोफोक्लीसचं नाटकही त्रासलेल्या शहरापासूनच सुरू होतं. थीब्जमध्ये रोगराई आहे, पिकं करपलीत, लोक राजवाड्यासमोर गाऱ्हाणं घेऊन बसलेत. आधीच्या राजाचा खुनी सापडल्याशिवाय सुटका नाही, असा कौल येतो. ओयदिपौस सगळ्यांदेखत खुन्याला शाप देतो आणि तपासाला लागतो. खुनी तो स्वतःच असतो.

‘नशिबापुढे कोणाचं चालतं’ म्हणून आपण ही गोष्ट मिटवतो. पण भविष्यवाणी खरी ठरली ती पडदा उघडण्याच्या कितीतरी वर्षं आधी. आपल्यासमोर घडतो तो फक्त शोध. हुकूम देवाचा असला, तरी थांबायची संधी राजाला पुन्हापुन्हा मिळते. आंधळा तायरेसियस म्हणतो, मला घरी जाऊ दे. योकास्टा विनवते, पुरे कर. म्हातारा धनगर तोंड उघडायला तयार नसतो. तरी राजा विचारतच राहतो.

‘ती फुलराणी’त शॉचं ‘पिग्मॅलियन’ अस्सल मराठी करणाऱ्या पुलंनी इथे मात्र नाव ग्रीकच ठेवलं, उच्चारासकट. हा परकेपणा मला उपयोगी वाटतो. गेल्या जन्मीचं पाप, सटवाईचा लेख अशी आपली तयार उत्तरं त्याला सहज चिकटत नाहीत.

धनगराचा प्रवेश मला झोंबला त्याला कारण आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एका रात्री आमची सिस्टीम कोसळली. कुणाच्या बदलामुळे, हे शोधायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. पहाटे तीनला नोंदींमध्ये माझंच नाव निघालं. अहवालात मी ‘सर्व्हरवर अचानक ताण आला’ असं लिहिलं. पुढे कुणी विचारलं नाही.

डोळे फोडून घेतल्यावर ओयदिपौस दुःखाचा कर्ता म्हणून अपोलोचं नाव घेतो; आणि डोळ्यांवर वार करणारा हात मात्र आपलाच होता, हेही सांगतो. दैव आणि जबाबदारी, दोन्ही एकाच दमात. माझ्या अहवालात आणि आमच्या मथळ्यांत त्यातलं पहिलंच तेवढं आलं.