‘डावे’ आणि ‘उजवे’ : दोन संज्ञांची चिकित्सा

मोटारीच्या अंगांचे वर्णन करताना ‘डावे’ व ‘उजवे’ हे शब्द वरकरणी निःसंदिग्ध भासतात; वस्तुतः ते तसे नाहीत. बॉनेट उघडून गाडीसमोर उभ्या राहिलेल्या मनुष्याचा डावा हात गाडीच्या उजव्या दिव्याकडे असतो. यंत्रशास्त्रातील संकेत चालकाच्या आसनावरून पुढे पाहण्याचा आहे. कारागिरांनी ‘ड्रायव्हर साइड’ व ‘क्लीनर साइड’ असे शब्द रूढ करून ही अडचण टाळली; तथापि तेही देशसापेक्षच होत. भारतात चालक उजवीकडे बसतो, अमेरिकेत डावीकडे.

मराठीला हा विवेक अपरिचित नाही. गणपतीची सोंड उजवी म्हणावयाची ती मूर्तीच्या उजवीकडून, दर्शकाच्या नव्हे. नदीचा डावा तीर प्रवाहाच्या दिशेने मुख करून ठरतो. म्हणून पश्चिमवाहिनी सावित्रीचा डावा तीर सामान्यतः दक्षिणेकडचा होय. रस्त्याला मात्र असे स्वतःचे मुख नसते. महाड तालुक्यातील तळीये येथे २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून गावावर मोठा अनर्थ ओढवला. अशा डोंगराळ प्रदेशात मदतीस येणाऱ्यांना ‘रस्त्याच्या डाव्या अंगास’ एवढेच कळविले, तर चढणारा एका बाजूस शोधील आणि उतरणारा दुसऱ्या. तेथे ‘दरीकडचे’ व ‘डोंगराकडचे’ हे ग्रामीण व्यवहारातील शब्दच अधिक शास्त्रीय ठरतात.

पाहणाऱ्याचे मुख कोणीकडे, हे अध्याहृत ठेवणे हा अशा वर्णनांतील मूळ दोष होय. परिभाषाकाराने प्रथम मुख सांगावे, मग बाजू.