मत गावात, नोकरी तळेगावात

आजचा विषय जाहीर झालाय तो युरोपातल्या मोटार कारखान्यांतली नोकरकपात आणि तिथलं राजकारण असा. पण सुरुवात मी तळेगावापासून करणार आहे. लातूर-नांदेडहून आयटीआय करून निघालेल्या पोरांना वोल्फ्सबर्ग ठाऊक नसेल, चाकण-तळेगाव-रांजणगाव मात्र पाठ आहे.

जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. कंपनीने भारतातली विक्री २०१७ मध्ये थांबवली, पुढे निर्यातीच्या गाड्या बनत राहिल्या, डिसेंबर २०२० मध्ये तेही संपलं. एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना कमी केल्याच्या नोटिसा निघाल्या. आणि सरकार काय करत होतं? जून २०२० मध्येच राज्याने ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी सुमारे ३,७७० कोटींचा सामंजस्य करार केला होता. लगेच गलवान घडलं, करार लटकला. २०२२ मध्ये कारखान्याच्या विक्रीचा व्यवहारच बारगळला. २०२३ मध्ये ह्युंदाई आली. तिने जागा घेतली, इमारती घेतल्या, काही यंत्रं घेतली. पुन्हा फोटो, पुन्हा इतके कोटी. जुना कामगार त्या खरेदीत नव्हता. या काळात मुंबईत दोन्ही बाजूंची सरकारं येऊन गेली, त्यामुळे ही टीका एका पक्षावरची समजू नका.

आता फोक्सवॅगन बघा. डिसेंबर २०२४ च्या समझोत्यात जर्मनीतल्या ३५,००० हून अधिक नोकऱ्या २०३० पर्यंत कमी करायचं ठरलं. आकडा भयंकरच आहे. पण सक्तीने कुणाला काढायचं नाही, कारखाना लगेच बंद करायचा नाही, हेही त्यातच लिहून घेतलं गेलं. हे कसं जमलं? कंपनीच्या देखरेख मंडळावर निम्मे लोक कामगारांचे असतात. लोअर सॅक्सनी या राज्याकडे २० टक्के मतं आहेत. आणि वोल्फ्सबर्गचा कामगार त्याच राज्याचा मतदार आहे. त्याच समूहाचा ऑडीचा ब्रुसेल्समधला कारखाना फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाला, सुमारे ३,००० लोकांचं काम गेलं. बेल्जियमचे नेते हळहळले, पण निर्णयाच्या टेबलावर त्यांची खुर्ची नव्हती.

आपल्या पोरांचं दुखणं नेमकं हेच आहे. औसा, अहमदपूर, मुखेड, लोह्याचा पोरगा शिफ्ट करतो तिकडे आणि मत टाकतो इकडे. मावळच्या आमदाराच्या लेखी तो बाहेरचा. इथल्या आमदाराच्या लेखी तो पुण्याला लागलेला, म्हणजे प्रश्न मिटलेला! नांदेडची उस्मानशाही मिल सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि शेवटी बंदच पडली. तिच्या कामगारालाही न्याय मिळाला असं मी म्हणणार नाही. पण त्याची मिल आणि त्याचं मत एकाच गावात होतं, पुढाऱ्याला तो चौकात भेटायचा.

बरं, जनरल मोटर्सचं निदान पेपरात तरी आलं. सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांचं तेही येत नाही. बंद करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांची होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत ती ३०० झाली. म्हणजे आता २५० पोरं घरी बसवायची तर कुणाला विचारायचीही गरज नाही.

आणि इथे काय चाललं होतं? लातूरच्या रेल्वे कोच कारखान्याचं भूमिपूजन मार्च २०१८ मध्ये झालं. डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला डिसेंबर २०२० मध्ये, तळेगाव थंडावलं त्याच आठवड्यात. कारखाना यावाच, माझा विरोध नाही. पण लातूरच्या भाषणांत तळेगावचं नाव कशाला निघेल?

(श्रोत्यांतून प्रश्न: मग पोरांनी मतदार यादीतलं नाव तिकडे हलवावं का?)

ज्याची नोकरी पक्की आहे त्याने हलवावं. पण कंत्राटावरच्या पोराला तुम्ही हे सांगू शकत नाही. त्याचं रेशनकार्ड इथे, आईबाप इथे, खोली भाड्याची, ती दरवर्षी बदलते. मी दुसरं सांगतो. निवडणुकीला पुण्याहून ट्रॅव्हल्स भरून येतात, तुम्ही पाहिल्यात. म्हणजे तालुक्यातली पोरं कुठे राहतात, कुणाचा फोन कुठला, हे पक्षांना माहीतच असतं. ती यादी कारखाना बंद पडतो त्या दिवशीही बाहेर काढा. मतदानाला एका रात्रीत चाकणला गाडी पोचते, तर नोटिशीच्या दिवशी इथला आमदार तिथल्या गेटवर का पोचत नाही, हे त्याच गाडीत बसून विचारायला हवं.