एक अंश उतरवला, उरला किती?

कचेऱ्यांतील ऊर्जाबचतीचा विषय निघाला की बहुधा दोनच उपाय सुचवले जातात : नवी यंत्रे घ्या, नाहीतर 'दिवे बंद करा' अशी पाटी लावा. इमारतीत वावरणारा माणूस प्रत्यक्षात काय करतो, हे मोजण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात. म्हणूनच आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या पॅरिसमधील कचेऱ्यांत झालेला एक प्रयोग आम्हांला विचारार्ह वाटतो. त्यावरील निबंध २०१३ साली 'एनर्जी इकॉनॉमिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

प्रयोग साधा आहे. हिवाळ्यात खोली उबदार ठेवणाऱ्या यंत्रणेचा थर्मोस्टॅट विशिष्ट तापमानावर आधीच लावलेला असतो. हा आकडा काही खोल्यांत खाली आणला. कोणत्या, ते यदृच्छेने ठरवले. तो बदलण्याची मुभा कर्मचाऱ्यांना होतीच. आकडा १ अंश सेल्सिअसने उतरवला, तेव्हा कर्मचाऱ्यांनी निवडलेले तापमान सरासरीने ०.३८ अंशच उतरले. २ अंश उतरवल्यावर तर घट याहूनही कमी भरली. आमच्या मते कारण उघड आहे : थोडा गारवा माणूस चालवून घेतो, पण हुडहुडी भरली की उठून बटण फिरवतो.

उपदेश न करता मोजमाप केले, हा या प्रयोगाचा मोठा गुण. मात्र दोन उणिवा सांगितल्याच पाहिजेत. एक, ०.३८ हा थर्मोस्टॅटवरचा आकडा आहे, वाचलेली ऊर्जा नव्हे. दुसरी, प्रत्याभरणाचा, म्हणजे आपण किती ऊर्जा वापरली हे वापरणाऱ्याला कळण्याचा प्रश्न येथे बाजूलाच राहतो. घरात बटण आणि बिल एकाच कुटुंबाच्या हाती असतात. कचेरीत बटण एकाच्या हाती, तर बिल दुसऱ्याच्या टेबलावर.

प्रत्याभरण दिले की काम झाले, असेही नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी काही घरगुती ग्राहकांना पोस्टकार्डांनी इतकेच कळवले की, तुमच्या वीजवापराचा अभ्यास चालू आहे. तेवढ्याने वापर २.७ टक्के घटला. पत्रे थांबताच घटही संपली. तेव्हा एखाद्या महिन्याच्या बचतीचे श्रेय उपायाला द्यायचे की 'कोणीतरी पाहत आहे' या जाणिवेला, हे तपासावेच लागते.

आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून खोलीतील वातानुकूलन यंत्रे आरंभी २४ अंशांवर लावलेली असावीत, असा नियम आला. निर्णय योग्यच. पण तापमान १ अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, हे सरकारी गणित वापरणाऱ्याने तो अंश टिकवला तरच खरे ठरते. पॅरिसचा प्रयोग उष्णतेचा आहे, गारव्याचा नव्हे. तरीही त्याचा इशारा येथे लागू पडतो.

शाळा हेही कामाचे ठिकाणच आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून मीटरची रोजची नोंद ठेवून घ्यावी. पहिला महिना काहीच न सांगता जाऊ द्यावा, दुसऱ्या महिन्यात रोजचे आकडे फळ्यावर लिहावेत आणि तिसऱ्यात लिहिणे बंद करावे. ऋतू आणि सुट्ट्या यांचा हिशेब मात्र विसरू नये. तिसऱ्या महिन्याचा आकडाच सांगेल की सवय लागली, की केवळ लाज वाटली होती.