सूचनावहीत कोणी लिहायचे?

‘डिझाइन पॅटर्न्स’ हे पुस्तक १९९४ साली प्रसिद्ध झाले. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्ल्हिसिडीस हे त्याचे चार लेखक. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीने प्रोग्रॅम लिहिताना वारंवार उपयोगी पडणाऱ्या २३ रचना त्यांनी नावे देऊन मांडल्या. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून हे पुस्तक आजही शिकवले जाते. त्यातील ‘कमांड’ म्हणजे आज्ञा या रचनेचे प्रकरण आपण येथे तपासणार आहोत. प्रकरण उत्तम आहे. पण त्यात एक प्रश्न विचारायचा राहून गेला आहे आणि तो आपणही वर्गात विचारत नाही.

आधी रचना समजून घेऊ. शाळेतील सूचनावही आठवा. मुख्याध्यापक सूचना लिहितात आणि शिपाई वही घेऊन वर्गावर्गांत जातो. सूचना सुट्टीची आहे की परीक्षेच्या फीची, हे शिपायाला ठाऊक असण्याची गरज नसते. उद्या नव्याच प्रकारची सूचना आली तरी त्याचे काम बदलत नाही. कमांड रचनेत मेनूतील प्रत्येक ओळ अशा शिपायासारखी असते. तिच्याजवळ एक आज्ञा-वस्तू ठेवलेली असते. वापरणाऱ्याने ती ओळ निवडली की तिने त्या वस्तूला ‘एक्झिक्यूट’, म्हणजे ‘काम कर’, एवढेच सांगायचे. उघडणे, चिकटवणे, पुसणे या गोष्टी प्रत्यक्षात कशा होतात ते त्या त्या आज्ञेलाच माहीत. आज्ञा ही वस्तू झाल्यामुळे तिची यादी ठेवता येते, अनेक आज्ञा एकत्र बांधता येतात आणि केलेले काम उलटेही फिरवता येते. लेखकांनी हे सारे मुद्देसूद आणि समर्पक उदाहरणांनी पटवून दिले आहे.

प्रश्न यापुढचा आहे. या आज्ञा-वस्तू तयार कोण करतो? पुस्तकातील नमुन्यांत त्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच आधी ठरवलेल्या असतात. पण आज्ञेचे नाव फाइलमधून किंवा कळफलकावरून मजकुराच्या रूपात आले, तर त्या नावावरून वस्तू कशी मिळवायची? आपले विद्यार्थी येथे हमखास शिडी बांधतात: नाव ‘उघड’ असेल तर ही वस्तू, नसेल आणि ‘मीट’ असेल तर ती, आणि असेच पुढे. दर नव्या आज्ञेगणिक शिडीला एक पायरी जोडायची आणि प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करायचा. प्रोग्रॅम विस्ताराला खुला पण बदलाला बंद असावा, हे तत्त्व बर्ट्रांड मेयर यांनी १९८८ मध्येच मांडले होते. ही शिडी त्याच्या नेमकी विरुद्ध आहे.

शिडी टाळण्याचा मार्ग म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये नावावरून क्लास शोधून आणणे आणि त्यापासून वस्तू बनवणे. १९९६ मध्ये आलेल्या जावा भाषेत ही सोय पहिल्यापासून होती. ‘फॉरनेम’ला क्लासचे नाव द्यायचे, तो क्लास स्मृतीत येतो आणि मग त्याची वस्तू घडवता येते. ज्या एक्लिप्सच्या उभारणीत गामा यांचा मोठा वाटा होता, ती प्रणाली २००१ मध्ये याच कल्पनेवर उभी राहिली. मेनूत काय दिसावे आणि त्यामागे कोणता क्लास आहे, हे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेले असे. मेनू त्या फाइलवरूनच काढला जाई. क्लास मात्र कोणी ती ओळ निवडेपर्यंत आणला जात नसे. शेकडो आज्ञा असूनही प्रोग्रॅम सुरू होताना त्यांचा भार पडत नसे.

गंमत अशी की, चालू प्रोग्रॅममध्ये क्लास आणण्याचा विषय मूळ पुस्तकात आला आहे, पण तो ‘प्रोटोटाइप’ या वेगळ्याच रचनेच्या प्रकरणात. दोन्ही धागे जोडण्याचे काम वाचकावर सोडलेले आहे, आणि ते जोडताना जे सावध राहावे लागते त्याविषयी पुस्तक गप्प आहे.

पहिली अडचण कंपायलरची. शिडीमध्ये क्लासचे नाव चुकले तर कंपायलर तेथेच अडवतो. मजकुरातील नाव त्याला दिसतच नाही. स्पेलिंगमधली चूक तो मेनू कोणीतरी निवडेल त्या दिवशी उघड होते. कदाचित ते परीक्षेच्या निकालाच्या आदल्या रात्री घडेल.

दुसरी अडचण अधिक बारीक आहे. विद्यार्थ्याला आपण सांगतो, ‘वस्तू बनव आणि ती आज्ञा-प्रकारची आहे ना ते तपास.’ पण जावातील साधे ‘फॉरनेम’ क्लास आणताच त्याचा स्टॅटिक भाग चालवून टाकते. म्हणजे आपली तपासणी सुरू होण्यापूर्वीच परक्या क्लासमधील काही ओळींचे काम होऊन गेलेले असते. पाहुण्याला घरात घेऊन जेवू घातल्यावर नाव विचारण्यासारखेच हे. यावर उपाय भाषेतच आहे. ‘फॉरनेम’चे दुसरे रूप वापरले की हा भाग लगेच चालत नाही आणि मधल्या वेळात क्लासचा प्रकार पाहता येतो. पण पाठ्य उदाहरणांत हे रूप क्वचितच दिसते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी: ते नाव लिहिले कोणी? डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावामधील नोंदी ठेवणाऱ्या साधनातील दोष जगासमोर आला. नोंदीच्या मजकुरात विशिष्ट खुणांमध्ये एखादा पत्ता लिहिला की हे साधन त्या पत्त्यावर जाऊन वस्तू मागवी, आणि तेथून आलेला परका क्लास चालवला जाऊ शके. ही सोय २०१३ मध्ये सद्हेतूनेच घातली होती. पण नोंदीत काय जाते? वापरणाऱ्याने टाइप केलेले नाव, शोधलेला शब्द, काहीही. कोणीही परका माणूस त्या खुणा टाइप करून दूरच्या संगणकावर हवे ते चालवू शकत होता. गांभीर्याच्या मोजपट्टीवर या दोषाला १० पैकी १० गुण मिळाले. लॉगफोरजे हे काही कमांड रचनेचे उदाहरण नव्हे, पण चुकीचे मूळ तेच आहे: बाहेरून आलेल्या मजकुराला काय चालवायचे ते ठरवू देणे.

सूचनावहीकडे परत येऊ. शिपायाने सूचना न वाचता नेणे, हाच त्या व्यवस्थेचा गुण. म्हणूनच वहीत कोण लिहू शकतो याचा बंदोबस्त कडक हवा. वही व्हरांड्यात उघडी पडली आणि एखाद्या खोडकर मुलाने ‘आज शाळा लवकर सुटेल’ असे लिहिले, तर शिपाई तेही इमानाने फिरवील. दोष शिपायाचा नसेल. पुस्तकाने शिपायाचे अज्ञान गुण म्हणून गौरवले ते बरोबरच आहे. पण त्या गुणामुळे वहीवर येणारी जबाबदारी सांगितली नाही.

म्हणून कमांड रचना शिकवताना तासाला एक टप्पा वाढवावा. शिडी बांधून झाल्यावर विद्यार्थ्यांना एक छोटी यादी करायला लावावी: डावीकडे वापरणाऱ्याला दिसणारा शब्द, उजवीकडे क्लासचे नाव. ही यादी प्रोग्रॅमच्या मालकानेच लिहायची. बाहेरून येणारा शब्द केवळ यादीत शोधायचा, थेट ‘फॉरनेम’कडे कधीच द्यायचा नाही. शब्द सापडला नाही तर नम्रपणे नकार द्यायचा. सापडला तर क्लास आणायचा, त्याचा प्रकार तपासायचा आणि मगच वस्तू घडवायची. प्रोग्रॅम सुरू होतानाच यादीतील प्रत्येक नावाचा क्लास जागेवर आहे ना हे पाहून घेतले, तर पहिली अडचणही बरीचशी सुटते.

यासाठी दहा-पंधरा ओळी जास्त लिहाव्या लागतात. मग एका विद्यार्थ्याला वाटेल ते नाव टाइप करून प्रोग्रॅम फसवायला सांगावे आणि बाकीच्यांनी तो का फसला नाही ते समजावून सांगावे.