'तुरळक ठिकाणी' : हवामानवृत्ताच्या परिभाषेविषयी काही विचार

भाषेच्या अभ्यासकाने हवामानशास्त्राच्या प्रांतात पाऊल टाकावे, ही प्रथमदर्शनी अनधिकार चेष्टा वाटेल. परंतु अंदाज आकड्यांतून निघत असला तरी लोकांपर्यंत पोचतो तो वाक्यातून. आणि वाक्य हा आमचा विषय आहे. भारतीय हवामान खात्याची पुण्यातील प्रशिक्षण संस्था ही जागतिक हवामान संघटनेने मान्यता दिलेली प्रादेशिक संस्था असून, खात्यातील उमेदवारांबरोबर आशिया-आफ्रिकेतील विकसनशील देशांचे हवामानतज्ज्ञही तेथे शिकावयास येतात. ह्या शिक्षणाच्या शास्त्रीय अंगाविषयी बोलण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. त्याच्या भाषिक अंगाचा विचार मात्र येथे करावयाचा आहे, आणि तोही पुण्यात बसून नव्हे, तर गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांधीवरून.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात झाडीबोलीचे नमुने टिपून घेण्यासाठी अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील एका गावी जाणे झाले. हलक्या धानाची कापणी होऊन कडपा बांधीत पसरल्या होत्या, आणि आदल्या रात्रीच्या पावसाने त्या पाण्यात बुडाल्या होत्या. एका वृद्ध शेतकऱ्यास विचारले की, पावसाची सूचना मिळाली नव्हती काय? सूचना मिळाली होती. तो म्हणाला, "तुरळक येईल म्हणे जी. याले तुरळक म्हनतेत का?"

सूचना चुकीची नव्हती, हे येथे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. 'तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस' असे वृत्त होते आणि त्याप्रमाणेच घडले. खात्याच्या परिभाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातील फार तर 25 टक्के पर्जन्यमापन केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे 26 ते 50 टक्के. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे 51 ते 75 टक्के. ही चढण पावसाच्या विस्ताराची आहे, जोराची नव्हे. मराठी भाषेत मात्र 'तुरळक' हे विशेषण विरळ असणाऱ्या वस्तूस लागते : तुरळक वस्ती, तुरळक गर्दी, तुरळक केस. 'ठिकाण' ही काही विरळ वा दाट असणारी वस्तू नव्हे. म्हणून ऐकणारा ते विशेषण नकळत पुढे सरकवितो आणि जी गोष्ट विरळ असू शकते तिला, म्हणजे पावसाला, चिकटवितो. 'तुरळक ठिकाणी मुसळधार' हे त्याच्या कानी 'तुरळक पाऊस' होऊन बसते. मुसळधार हा शब्द ऐकू येऊनही पुसला जातो, कारण दोन विरोधी विशेषणांपैकी पहिल्याने अर्थाची जागा आधीच अडविलेली असते. दोष श्रोत्याच्या अज्ञानाचा नाही; त्याने आपल्या भाषेच्या नियमाप्रमाणेच वाक्य लावले.

शिवाय टक्केवारी केंद्रांची आहे. शेतकऱ्याजवळ केंद्रे नाहीत, एक गाव आहे.

'शक्यता' ह्या शब्दाची गोष्ट ह्याहून विलक्षण आहे. खात्याच्या इंग्रजी वृत्तात 'लाइकली' ह्या शब्दास 25 ते 50 टक्के संभाव्यता नेमून दिली आहे; 'व्हेरी लाइकली' म्हणजे 50 ते 75, आणि 'मोस्ट लाइकली' म्हणजे त्याहून अधिक. इंग्रजी बोलणारा सामान्य मनुष्य जी गोष्ट न घडण्यापेक्षा घडण्याचा संभव अधिक, तिला 'लाइकली' म्हणतो. येथे ती निम्म्याहून कमीच. म्हणजे मूळ संज्ञाच लोकभाषेपासून ढळलेली आहे. तिचे मराठीत 'शक्यता' केले की उरलासुरला भेदही जातो, कारण पाच टक्क्यांनाही शक्यताच म्हणतात आणि नव्वद टक्क्यांनाही. 'दाट शक्यता' हा प्रयोग आहे खरा. पण वर्तमानपत्रांनी तो वापरून इतका झिजविला आहे की त्याची दाटी आता कोणास जाणवत नाही.

परंतु ह्या विषयातील सर्वांत महत्त्वाचा शब्द वृत्तात येतच नाही. तो 'झड' हा होय. पूर्व विदर्भात झड लागणे म्हणजे सूर्यदर्शन न होता दिवसामागून दिवस पाऊस चालू राहणे. खात्याचे माप सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचे, त्यात 15.6 ते 64.4 मिलिमीटर पाऊस 'मध्यम' ठरतो. समजा, तीन दिवस रोज तीस मिलिमीटर पाऊस झाला, तर वृत्तात तीनदा 'मध्यम' असे येईल, आणि त्यात भिण्यासारखे कोणास काही दिसणार नाही. पण कापलेले धान तीन दिवस भिजले तर कडपेतच त्यास कोंब फुटतात. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर, वृत्ताची क्रिया पूर्ण आणि तुटक आहे. झडीची क्रिया चालू आहे. एकाने राशी मोजली, दुसऱ्याने अवधी. आणि तोच पाऊस पुनर्वसू किंवा पुष्य नक्षत्रात, रोवणीच्या वेळी, बांधीत चिखल होण्यास हवा असताना पडला तर वरदान ठरतो. नक्षत्रांवरून पाऊस सांगता येतो असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. पंचांगातील बेडूक-हत्तीच्या वाहनांवर तर मुळीच नाही. परंतु पाऊस कोणत्या कामावर पडणार हे सांगणारी कालगणना ह्या भागात नक्षत्रांचीच आहे, आणि तिचा परिचय नसलेला तज्ज्ञ पावसाचे केवळ प्रमाण सांगू शकेल, परिणाम नव्हे.

ह्याच भागात 'अतिवृष्टी' हा शब्द महसुली होऊन बसला आहे. मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की पंचनाम्याची वाट मोकळी होते. खात्याचा 'मुसळधार' 64.5 मिलिमीटरला सुरू होतो. जवळजवळ एकाच रेषेवर दोन कचेऱ्यांचे दोन शब्द उभे आहेत. एक आदल्या दिवशी ऐकावयाचा, दुसरा नुकसान झाल्यावर.

आता शिक्षणाकडे वळू. जागतिक हवामान संघटनेची 1083 क्रमांकाची पुस्तिका हवामानतज्ज्ञाने काय शिकले पाहिजे ते ठरविते. गतिशास्त्र, भौतिकी, संकलित निरीक्षणशास्त्र, जलवायुविज्ञान ह्यांना तिच्यात त्यांच्या योग्यतेचे स्थान आहे. लेखी व तोंडी निवेदनाचाही उल्लेख आहे, पण तो गणित-भौतिकीच्या पायाभूत भागात, पूरक विषयांत. विवेचन सुबोध असावे ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु त्यामागे असे गृहीत दिसते की अर्थ आधी तयार असतो आणि भाषा त्याला केवळ वाहून नेते. वरील उदाहरणे ह्या गृहीतास बाधक आहेत. इंग्रजीतून शिकून स्वदेशी परतलेल्या विद्यार्थ्याला ही पायऱ्यांची परिभाषा आपल्या भाषेत न्यावी लागते, आणि तेथे त्या भाषेच्या पायऱ्या अगोदरच बांधलेल्या असतात. 1928 साली हवामान खात्याची कचेरी सिमल्याहून पुण्यास आली आणि पुणेकर त्या जागेस आजही शिमला ऑफिस म्हणतात. कचेरी उतरली तरी परिभाषा डोंगरावरच राहिली, असे कधीकधी वाटते.

शास्त्राला स्थिर संज्ञा हव्यात, हा आक्षेप मान्य आहे. तज्ज्ञांनी तज्ज्ञांशी बोलताना त्या अवश्य वापराव्यात. रंगांच्या इशाऱ्यांनी भाषेची अडचण दूर झाली, असेही कोणी म्हणतील. पण पिवळ्याचा नेमलेला अर्थ 'लक्ष ठेवा' एवढाच असता 'येलो अलर्ट' ह्या मथळ्याने त्याचा धोका करून टाकला, म्हणजे रंगालाही व्याकरण लागतेच.

प्रशिक्षणक्रमात एक आठवडा ह्या कामासाठी काढणे अशक्य नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने एकच अंदाज स्वभाषेत लिहावा, ती भाषा बोलणाऱ्या दहा जणांस वाचून दाखवावा, आणि 'समजले का?' असे न विचारता 'उद्या काय कराल?' असे विचारावे. मराठी विद्यार्थ्यांसाठी गोंदिया जिल्ह्यात हा प्रयोग करावयाचा झाल्यास तो ऑक्टोबरात, कडपा बांधीत असतानाच करावा.