पाऱ्याच्या धड्यात हरवलेली खाण

एन. सी. ई. आर. टी.च्या दहावीच्या विज्ञानपुस्तकात पाऱ्याची कथा दोन समीकरणांत संपते. हिंगूळ हवेत तापवले की पाऱ्याचे ऑक्साइड. ते आणखी तापवले की पारा. परीक्षेपुरते हे ठीक. पण अणदूरच्या वर्गात एखाद्या मुलीने विचारले, "सर, तो पारा भट्टीत साठतो कुठे?" तर पुस्तक गप्प बसते. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याच्या ऑक्साइडचे विघटन व्हायला सुमारे ५०० अंश लागतात. म्हणजे भट्टीतून पारा वाफ होऊनच निघणार. ती वाफ पकडून थंड करणे हीच खरी धातुविद्या, आणि नेमकी तीच धड्यातून गळली आहे. आपल्या रसवैद्यांचे डमरूयंत्र, म्हणजे तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी आणि वरच्यावर ओले फडके, येथे किती उपयोगी पडले असते!

आमची दुसरी तक्रार 'शोध' या शब्दाबद्दल आहे. कॅलिफोर्नियातील न्यू अल्माडेन खाणीचा शोध १८४५ साली आंद्रेस कास्तिलेरो या मेक्सिकन लष्करी अधिकाऱ्याने लावला, असे सांगतात. त्याने खनिजाची पूड निखाऱ्यांवर टाकली, वर पेला उपडा धरला आणि पेल्यात पाऱ्याचे थेंब जमले. (हा प्रयोग वर्गात कोणीही करू नये, पाऱ्याची वाफ विषारी असते.) पण ती लाल माती तेथील ओलोनी लोक पिढ्यान् पिढ्या अंग रंगवायला वापरत होते. कास्तिलेरोने ओळखला तो मातीतला धातू. हे श्रेय लहान नाही, पण वेगळे आहे.

लवकरच, १८४८ मध्ये, त्याच प्रांतात सोने सापडले. सोन्याचे कण पाऱ्यात पकडतात, त्यामुळे खाण भरभराटली. आज तेथे सार्वजनिक उद्यान आहे. मात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील माशांत पारा अजून आढळतो. युरोपातील इद्रिया येथे तर खाणीचे वैद्य स्कोपोली यांनी १७६१ मध्येच पाऱ्याने कामगारांना होणाऱ्या विषबाधेवर लिहिले होते. समीकरणाच्या बाणात यातले काही दिसत नाही.

आणखी एक प्रश्न अणदूरची मुले हमखास विचारतील: आपला काळा दगडही ज्वालामुखीचाच, मग येथे पारा का नाही? कारण हिंगूळ लाव्हारसातून थिजत नाही. खडकांच्या भेगांतून वर येणारे, पारा आणि गंधक विरघळलेले गरम पाणी ते जमिनीखाली थोड्या खोलीवर साठवते. नुसता बेसाल्ट असून भागत नाही. एवढे दोन ओळींत बसले असते.